वडिलांचं लिव्हर चांगलं आहे, दारू नाही, तरी अन्ननलिकेतल्या शिरा फुगून रक्ताची उलटी कशी झाली?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं डायलिसिस बराच काळ मानेतल्या परमकॅथवर (मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीवर, म्हणजे कॅथेटरवर) चालू आहे, एंडोस्कोपीत व्हेरायसेस, म्हणजे फुगलेल्या शिरा, निघाले आणि नातेवाईक आता ‘चोरून पीत असतील’ म्हणतायत. आधी ते बोलणं बंद करा, आजारी माणसाला ते फार लागतं.

मी पोटविकारतज्ज्ञ आहे. तुम्ही दिलेल्या रिपोर्टमध्ये मला महत्त्वाचं वाटलं ते हे, की शिरा अन्ननलिकेच्या वरच्या भागात फुगल्या आहेत. लिव्हरच्या आजारात त्या खालच्या टोकाला, जठराजवळ फुगतात. वर फुगल्या की मी छातीकडे बघतो. डोकं, मान आणि हातांचं रक्त एसव्हीसी नावाच्या मोठ्या शिरेतून हृदयात उतरतं. कॅथेटर तिथे महिनोन्‌महिने घासत राहतं, गुठळ्या धरतात, भिंत जाड होते आणि शीर आवळत जाते. अडलेलं रक्त मग अन्ननलिकेभोवतीच्या बारीक शिरांतून खाली वाट काढतं. ‘डाउनहिल’ व्हेरायसेस म्हणतात ते हेच. फेल्सन आणि लेशुअर यांनी १९६४ साली त्यांच्यावर लिहिलं होतं. अडथळा छातीतली अझायगस नावाची शीर एसव्हीसीला मिळते तिथे किंवा त्याच्या खाली असेल, तर मात्र शिरा पार जठरापर्यंत फुगतात आणि डॉक्टरांनाही लिव्हरचाच संशय येतो.

सकाळी त्यांचा चेहरा सुजलेला असतो का? गळ्याच्या शिरा टरारलेल्या, छातीवर निळसर जाळं, एखादा हात जाड? असेल तर आजच नेफ्रॉलॉजिस्टना सांगा आणि सीटी व्हेनोग्राफीबद्दल (शिरांच्या सीटी स्कॅनबद्दल) विचारा. बँडिंगने (फुगलेल्या शिरांना रबरी कडी बांधून) रक्त तात्पुरतं थांबतं, पण शीर आवळलेली राहिली तर पुन्हा वाहू शकतं. खरा उपाय म्हणजे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टकडून फुग्याने शीर रुंद करणं, लागलं तर स्टेंट. लिव्हरच्या रुग्णांना देतात त्या प्रोप्रॅनोलॉल या औषधाची इथे मदत होत नाही, कारण दाब लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतला नाही.

घाबरून कॅथेटर लगेच काढायला लावू नका. डायलिसिसची दुसरी सोय आधी हवी, आणि कधी कधी त्याच वाटेने तार घालून शीर उघडता येते. फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडणं) करायचा असेल तर त्याआधी छातीतल्या शिरा तपासून घ्या. वर अडथळा असताना केला, तर हात भयंकर सुजतो.

पुढच्या डायलिसिसला जाताच रक्तस्राव झाल्याचं टेक्निशियनला सांगा, म्हणजे हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) टाळायचं की कमी करायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवतील. पुन्हा उलटीत रक्त आलं किंवा डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत न्या.