जिमी कार्टर यांच्याविषयी वाचकांचे तीन प्रश्न

प्रश्न : अमेरिकेचे अध्यक्ष असलेले कार्टर १९८०ची निवडणूक एवढ्या वाईट रीतीने का हरले?

उत्तर : महागाई आणि तेलटंचाईने लोक आधीच मेटाकुटीला आले होते. त्यातच नोव्हेंबर १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकी दूतावासातील कर्मचारी ओलीस धरले गेले. त्यांपैकी ५२ जण ४४४ दिवस अडकून पडले आणि त्यांना सोडवण्याची लष्करी मोहीम आठ सैनिकांचा बळी जाऊन फसली. तरीही कॅम्प डेव्हिड येथे १३ दिवस ठाण मांडून इजिप्त आणि इस्रायल यांच्यात आजवर टिकलेल्या तहाचा पाया घालणाऱ्या अध्यक्षाला सरसकट अपयशी ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

प्रश्न : त्यांच्या आई मुंबईत राहत होत्या, हे खरे आहे का?

उत्तर : होय. परिचारिका असलेल्या लिलियन कार्टर १९६६ मध्ये, वयाच्या ६८व्या वर्षी, पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या सेवा-उपक्रमाच्या स्वयंसेविका म्हणून भारतात आल्या आणि विक्रोळीत राहून त्यांनी रुग्णसेवा केली.

प्रश्न : नारू (जंतामुळे होणारा रोग) अजून संपलेला नाही, मग कार्टर यांच्या नारू निर्मूलनाच्या कार्याचे एवढे कौतुक का?

उत्तर : नारू ज्यांनी पाहिला आहे, ते हा प्रश्न विचारणार नाहीत. न गाळलेल्या पाण्यातील सायक्लॉप्स या सूक्ष्म पाणकिड्यांबरोबर अळ्या पोटात जातात, वर्षभराने बहुधा पायावर फोड येतो आणि तो फुटला की मीटरभर लांब होऊ शकणारा जंत डोके काढतो. तो तुटू नये म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढावा लागतो. यावर लस नाही आणि त्याला मारणारे औषधही नाही. त्यामुळे १९८६ पासून कार्टर यांनी स्थापन केलेल्या कार्टर सेंटर या संस्थेची मुख्य भिस्त गावोगावी गाळणी वाटण्यावर आणि पाण्यात पुन्हा अळ्या पडू नयेत म्हणून रुग्णाला तळ्यात उतरू न देण्यावर राहिली. त्यासाठी कार्टर यांनी १९९५ मध्ये सुदानमधील यादवीत काही महिन्यांचा युद्धविरामही घडवून आणला. १९८६ साली सुमारे ३५ लाख रुग्ण होते. २०२३ मध्ये जगभरात १४ नोंदले गेले. भारत २००० साली नारूमुक्त ठरला, मात्र त्याचे श्रेय मुख्यतः आपल्याच राष्ट्रीय कार्यक्रमाचे आणि गावपातळीवरील आरोग्यसेवकांचे आहे. आता अडचण आहे ती प्राण्यांची : चाडमध्ये कुत्र्यांना नारू होऊ लागल्याने तेथे कुत्री बांधून ठेवावी लागतात आणि त्यांनी खाऊ नयेत म्हणून माशांची आतडी पुरावी लागतात.