काचेच्या झाकणाची कोहिबा आणि दिल्लीची नोटीस

प्रश्न: बेळगावात कॅम्पमध्ये आमचं पान-सिगारेटचं दुकान आहे. गोव्याहून चोर्ल्यामार्गे फेऱ्या मारणाऱ्या एका एजंटाकडून कोहिबा या सिगारच्या ब्रँडची २५ नगांची, काचेच्या झाकणाची पेटी ६,००० रुपयांना घेतली. बिल नाही, पैसे यूपीआयने दिले. ४ सिगार सुट्या विकल्या. भाच्याने अमेरिकेहून आणलेली कोहिबाचीच दुसरी पेटीही विक्रीला ठेवली होती. आता दिल्लीच्या वकिलांची नोटीस आलीय: दोन्ही माल नकली, ७ दिवसांत सोबतच्या हमीपत्रावर सही करा आणि ५ लाख भरा, नाहीतर फौजदारी. सही करून मोकळं व्हावं का?

उत्तर: आहे त्या मसुद्यावर सही करू नका. अशा हमीपत्रात सुरुवातीलाच बहुधा 'मी जाणूनबुजून बनावट माल विकला' अशा अर्थाचं वाक्य दडवलेलं असतं. ते तुमच्या सहीनिशी गेलं की ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम १०४ खाली तुमच्याविरुद्धचा पुरावा तुम्हीच हाती दिलात. शिक्षा किमान ६ महिने, कमाल ३ वर्षं, आणि दंड ५० हजार ते २ लाख. विक्री मात्र आजच बंद करा. दोन्ही पेट्यांचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, कापडात बांधून लाखेने सील करा, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. घाबरून माल नाल्यात टाकायचा विचार असेल तर सोडा. मग पुरावा नष्ट केल्याचा आरोप वेगळा.

दोन पेट्यांची उत्तरं वेगवेगळी आहेत, आणि नोटिशीने नेमकी तीच एकत्र बांधली आहेत.

काचेची पेटी नकलीच समजा. क्युबातल्या कोहिबाची अशी पेटी निघत नाही. पर्यटकांना गंडवायला हा प्रकार जगभर चालतो. खात्री करायची तर पेटी उलटी धरा. अस्सल पेटीच्या बुडाशी 'हेचो एन कुबा' (क्युबात बनवलेलं) आणि 'तोतालमेंते आ मानो' (पूर्णपणे हाताने) ही अक्षरं लाकडात डागलेली असतात, बोट फिरवलं तर खोलगट लागतात. शेजारी कारखान्याचा संकेत आणि महिना-वर्ष. बाहेर हिरवट हमीपट्टी, होलोग्राम आणि बारकोड. बारकोडचा आकडा क्युबन सिगार विकणाऱ्या हबानोस कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येतो, पण नकलीवर अस्सलचा आकडा छापलेलाही सापडतो. आणि किंमत! अस्सल कोहिबाच्या एकेका सिगारला काही हजार पडतात. तुम्हाला एक २४० रुपयांना पडली. कोर्टात पहिला प्रश्न याच्यावरच येईल.

कारण कलम १०४ मध्ये सुटकेच्या वाटा आहेत, पण त्या सिद्ध करायचा भार विक्रेत्यावर. एक, तुम्ही वाजवी खबरदारी घेतली होती, संशयाला जागा नव्हती. दुसरी, विचारल्यावर माल कोणाकडून घेतला याची सगळी माहिती दिलीत. तिसरी, एरवीही तुमचं वागणं निर्दोष होतं. २४० रुपयांमुळे खबरदारीचा मुद्दा लंगडा पडतो, म्हणून माहिती देण्यात कसूर नको. एजंटाचा नंबर, यूपीआयची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपा. तो मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय ते स्क्रीनशॉट नुसते कागद.

अमेरिकेच्या पेटीवर कोहिबातल्या 'ओ' मध्ये लाल ठिपका आहे का पाहा. असेल तर तो जनरल सिगार कंपनीचा डोमिनिकन रिपब्लिकमधला माल. क्युबाने हा ब्रँड १९६६ मध्ये सुरू केला. या कंपनीने तेच नाव १९८१ मध्ये अमेरिकेत नोंदवलं. १९९७ पासून दोघांत खटले आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या ट्रेडमार्क अपील बोर्डाने अमेरिकन नोंदण्या रद्द करायचा निर्णय दिला, त्यावर कंपनी कोर्टात गेली. म्हणजे ही पेटी वादातली आहे. कोणी चोरून छापलेली नाही. पण अमेरिकेतला हक्क इथे चालत नाही. ट्रेडमार्कचा हक्क त्या-त्या देशापुरता, हे सर्वोच्च न्यायालयाने टोयोटाच्या प्रियस प्रकरणात २०१७ साली स्पष्ट केलं. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर वर्ग ३४ मध्ये, म्हणजे तंबाखूच्या मालात, 'कोहिबा' शोधा. भारतातली नोंदणी नोटीस देणाऱ्याच्या नावावर असेल तर ही पेटी विकणंही उल्लंघनच. फक्त इथे तुमचा निर्दोषपणा पटवणं सोपं.

उत्तर लिहिताना 'माल अस्सल आयात आहे' असं ठोकून देऊ नका. अस्सल म्हटलं की कस्टम विचारणार, बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद, कुठाय? शिवाय पेटीवर ८५ टक्के भागात सचित्र इशारा नाही, आयातदाराचं नाव-पत्ता नाही, एमआरपी नाही. इशाऱ्याविना तंबाखूचा माल विकल्याबद्दल पहिल्या वेळी १ वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड आहेच. एवढंच लिहा: विक्री थांबवली आहे, माल सीलबंद आहे, पुरवठादाराची माहिती सोबत, नोंदणीची प्रत पाठवा, ५ लाखांचा हिशेब द्या. ४ सिगारच्या विक्रीवर ५ लाख कुठून आले, हे त्यांना सांगू द्या.

पोलीस आले तर वॉरंटाविना झडती-जप्ती डीवायएसपी किंवा वरच्या अधिकाऱ्यानेच करायची, आणि आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यायचं, असं ट्रेडमार्क कायद्याचं कलम ११५ सांगतं. कर्नाटकासाठी ते कार्यालय चेन्नईला, मुंबईला नव्हे. मत न घेताच धाड पडली तर अडवू नका, तो मुद्दा कोर्टात कामी येतो. इथे पंचनाम्याला महजर म्हणतात आणि तो कानडीत लिहिला जातो. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, नग मोजून घ्या, आणि सहीच्या वर मराठीत लिहा: 'वाचून दाखवला, २१ नग'. लाल ठिपक्याची पेटी नेली तर १५ दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे परत मागता येते. काचेची मागू नका. पोलिसांची ३५(३) ची (नागरिक सुरक्षा संहितेखाली चौकशीला बोलावणारी) नोटीस आल्यास हजर राहा, पण अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार ठेवा.

तडजोड करायची तर गुन्हा दाखल होण्याआधी करा. कबुलीविना हमी, माल पावतीवर त्यांच्या ताब्यात, आणि तक्रार करणार नाही असं त्यांच्याकडून लेखी. एकदा एफआयआर झाला की आपसात मिटवून भागत नाही, तो रद्द करून घ्यायला हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात जावं लागतं.