गावाने मिळून मेंढ्यांची जात सुधारता येते का? गरीब घराला उपयोग होतो का?

हो, होतो. इथिओपियात २००९ पासून मेंझ आणि बोंगा या स्थानिक मेंढ्यांवर हेच केलं गेलं. इकार्डा ही संशोधन संस्था त्यात होती.

मूळ अडचण आपल्याकडच्यासारखीच. पैशांची नड आली की जे कोकरू सगळ्यांत लवकर भरतं, तेच आधी बाजारात जातं. मागे उरलेला किरकोळ नरच कळपात पैदाशीला राहतो आणि वर्षागणिक कळप हलका होत जातो. यात पशुपालकाचा दोष नाही, घर चालवायचं असतं. शिवाय दहा-बारा मेंढ्या असलेल्याला एकट्याने निवड करताच येत नाही, कारण निवडायला नर असतात किती?

म्हणून सगळ्यांचे कळप एकच समजायचे. कोकरांची वजनं आणि कुठली मेंढी किती वेळा व्याली, याची नोंद ठेवायची. वयात येणारे नर एका दिवशी एकत्र आणायचे, नोंदी बघून पशुपालकांच्याच समितीने त्यातले निवडायचे. निवडलेला मेंढा सामाईक पैशातून घ्यायचा, म्हणजे मालकाचं नुकसान होत नाही. तो गटागटांत फिरवायचा, नाहीतर त्याचा स्वतःच्याच मादी पिल्लांशी संकर होतो. उरलेले नर खच्ची करून किंवा विकून टाकायचे. ही पायरी गाळली तर बाकी मेहनत वाया जाते.

बाहेरून आणलेलं संकरित जनावर वाटण्यापेक्षा मला ही वाट जास्त पटते. तिथली थंडी आणि चाऱ्याची टंचाई मेंझ मेंढीच्या अंगवळणी पडलेली आहे. आपल्याकडे उस्मानाबादी शेळीसाठी असे गट करायचे असतील, तर सुरुवात वजनकाटा आणि वहीपासून करा.