आपल्या परिसरातले पक्षी पाहायला सुरुवात करायची आहे. कोणती साधनं वापरावीत आणि काय पथ्यं पाळावीत?

८×४२ ची दुर्बीण (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची), आपल्या भागाची फील्ड गाइड म्हणजे पक्षी ओळखायचं सचित्र पुस्तक आणि खिशात मावणारी वही, एवढं पुरे. कॅमेरा नंतर घ्या. फोटोच्या नादात पक्षी नीट बघायचा राहून जातो.

अमेरिकेतल्या कॉर्नेल लॅब या पक्षी-अभ्यास संस्थेचं मर्लिन हे ॲप फुकट आहे आणि आवाजावरून पक्षी सुचवतं. सुचवतं, एवढंच! बऱ्याच पक्ष्यांना नकला येतात, त्यामुळे पक्षी दिसल्याशिवाय किंवा आवाजाची स्वतःला खात्री झाल्याशिवाय नोंद करू नका. आवाज पडताळायला झेनो-कँटो ही पक्ष्यांच्या आवाजांची वेबसाइट उत्तम.

नोंदी २००२ पासून चालू असलेल्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाका. तिथे शेवटी विचारतात, ओळखता आलेले सगळे पक्षी यादीत आहेत का? इथे ‘हो’ म्हणता येईल अशीच यादी करा. नुसते दुर्मीळ पक्षी टाकले, तर नेहमीचे पक्षी कमी होतायत हे कुणाला कळणारच नाही. वेळ, अंतर आणि अंदाजे का होईना, संख्या लिहा. अनोळखी पक्षी दिसला तर आधी भुवई (डोळ्यावरची पट्टी), पंखांवरचे पट्टे, चोच आणि शेपटीची हालचाल टिपून घ्या, पुस्तक मग उघडा.

पथ्यांमध्ये मी सर्वांत कडक आहे ते घरट्यांबाबत. जवळ जाऊ नका, फांद्या बाजूला सारू नका, जागा कुणाला कळवू नका. आपल्या वाटेवरून शिकारी प्राणी घरट्यापर्यंत पोचू शकतात. विणीच्या काळात रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणंही टाळा. प्रतिस्पर्धी आलाय असं समजून नर घरटं सोडून धावत येतो.