आयफोनवाले आणि अँड्रॉइडवाले एकमेकांशी इतके का भांडतात?

पैसे मोजलेत म्हणून. महागडी वस्तू घेतली की आपण चुकलो नाही हे आधी स्वतःलाच पटवावं लागतं, आणि त्याचा सोपा मार्ग म्हणजे दुसऱ्याच्या फोनला नावं ठेवणं. शिवाय फोटो, चॅट, विकत घेतलेली ॲप्स सगळं एकाच बाजूला अडकलेलं असतं. सोडून जाणं कटकटीचं, मग निष्ठा आपोआप येते!

गंमत कंपन्यांची बघा. २०११ पासून ॲपल आणि सॅमसंग डिझाइनच्या पेटंटवरून कोर्टात भांडत होत्या, २०१८ मध्ये तडजोड झाली. मधल्या काळात, २०१७ च्या आयफोन टेनचा ओएलईडी स्क्रीन पुरवत कोण होतं? सॅमसंगच. २०२० मध्ये आयफोनच्या खोक्यातून चार्जर गायब झाला तेव्हा सॅमसंगने टोमणा मारला, आणि जानेवारी २०२१ मध्ये गॅलेक्सी एस २१ सुद्धा चार्जरविनाच आला. हेडफोन जॅकचंही तेच झालं होतं.

मालक धंदा करतात, चाहते फुकटची वकिली. मी दोन्ही वापरलेत. बॅटरी दोन्हीकडे संध्याकाळी रडतेच.