काजूच्या बागेतला अजगर: हाकलावा की राहू द्यावा?

प्रश्न (सिंधुदुर्ग): बागेच्या गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) पोकळीत मोठा अजगर आठवडाभर वेटोळे घालून बसलाय. पावसाआधी तिथला पाला जाळायचा आहे. खुराड्यातल्या दोन कोंबड्याही गेल्या. काय करावे?

उत्तर: मे महिन्यात इतके दिवस जागचा न हलणारा अजगर बहुधा अंड्यांवरची मादी असते. मार्च ते जून हा अंडी घालण्याचा काळ. मादी सगळी अंडी गोळा करून त्यांभोवती वेटोळे घालते आणि गारवा वाढला की अंगाचे स्नायू थरथरवून अंड्यांना ऊब देते. फार थोड्या सापांना हे जमते. साधारण दोन महिन्यांत पिल्ले बाहेर येतात. पिल्लांचा सांभाळ मादी करत नाही, ती आपल्या वाटेने जाते. म्हणून तोवर गडग्याजवळ आग नको. पाला ओढून काजूच्या बुंध्याभोवती आच्छादन करा. अजगर नसता तरी मी हेच सांगितले असते.

कोंबड्या त्यानेच नेल्या असतील, नाकारत नाही. ओठांवरच्या खाचांमुळे त्याला अंधारातही गरम रक्ताच्या जनावराची चाहूल लागते. पण उंदीर आणि घुशीही तोच खातो. खुराड्याला बारीक छिद्रांची वेल्डमेश जाळी बसवा, तळालाही. कोंबडी गिळून सुस्तावलेला अजगर आत सापडलाच तर डिवचू नका. घाबरला की भक्ष्य ओकून टाकतो. वनविभागाला १९२६ वर फोन करा. मारण्याचा विचारही नको: वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तो आहे आणि शिक्षा ३ ते ७ वर्षांची आहे.

श्वासाने माणूस ओढून घेतो, ही निव्वळ ऐकीव गोष्ट. अजगर दबा धरून भक्ष्य पकडतो आणि विळखा आवळतो. विष नाही, पण दात आत वळलेले असतात आणि चावा चांगलाच फाडतो.

मला खरी काळजी वेगळीच आहे. ‘अजगराचे पिल्लू’ म्हणून लोक घोणस उचलतात. घोणसीच्या पाठीवर काळ्या कडेचे लंबगोल ठिपके साखळीसारखे तीन रांगांत असतात आणि डिवचली की ती कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारते. अजगराचे पट्टे वेडेवाकडे, एकमेकांना न जुळणारे. तरी ओळखता येते म्हणून हात घालू नका. दंश झालाच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे, मांत्रिक यात वेळ घालवू नका. हात-पाय न हलवता प्रतिविष असलेले जवळचे सरकारी रुग्णालय गाठा.