ग्राइंडरवर पटाशीला धार लावताना टोक निळं पडतं, काय करावं?

तुम्ही म्हणता, दर दोन-तीन सेकंदांनी पटाशी पाण्यात बुडवता तरी कोपरे निळे पडतातच, तेव्हा कमी वेगाचा ग्राइंडर घ्यावा का? एवढ्यात घेऊ नका. आधी चाक बघा.

ग्राइंडर बंद करून चाकावर बोट फिरवा. काचेसारखं गुळगुळीत लागलं तर रोग तिथेच आहे. चाकातले कण धारदार असतात तोवर ते पोलादाचा कीस काढतात. ते बोथट झाले की चाक कापायचं सोडून नुसतं घासत बसतं. काम होत नाही म्हणून आपण आणखी रेटतो आणि सगळी उष्णता पात्यात शिरते. रंध्याची दोन पाती जाळून होईपर्यंत मी पोलादालाच शिव्या घालत होतो. चाक मात्र आणल्या दिवसापासून एकदाही ड्रेस केलेलं (वरचा बोथट थर खरवडून काढलेलं) नव्हतं.

म्हणून पहिला खर्च डायमंड ड्रेसरचा. चाकाची घासणारी कड त्याने खरखरीत करून घ्या, आणि ती अगदी सपाट न ठेवता मधोमध केसभर फुगीर ठेवा. पातं मग एका वेळी थोड्याच जागेवर टेकतं, आणि कुठे किती घासायचं हे बोटांच्या दाबाने ठरवता येतं. कोपरे आधी निळे पडतात कारण तिथल्या उष्णतेला पळायला आजूबाजूला धातूच नसतो. फुगीर चाकावर कोपऱ्यांवरचा दाब हवा तेव्हा काढून घेता येतो. ड्रेसिंगने चाक झिजतं, तेव्हा टेकू (पातं टेकवायची पट्टी) आणि चाक यांच्यातली फट पुन्हा ३ मिलिमीटरच्या आत आणायला विसरू नका. चष्मा लावाच.

ग्राइंडरसोबत येणारं राखाडी चाक बहुधा कडक बांधणीचं असतं, त्याचे बोथट कण लवकर गळत नाहीत. पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइडचं, ४६ किंवा ६० नंबरचं (नंबर वाढतो तसे कण बारीक), मऊ बांधणीचं (लेबलवर एच ते के यांपैकी अक्षर) चाक घ्या. बारीक चाकाने धार चांगली येईल हा मोह टाळा. ग्राइंडरचं काम उतार, म्हणजे धारेमागची तिरकी बाजू, घडवण्याचं. धार दगडावरच येते.

आता हात. मी डाव्या हाताची तर्जनी पात्याच्या खालून, टोकाच्या अगदी मागे टेकवतो. हातमोजे नाहीत. कातडीला पन्नासेक अंशांतच चटका बसतो आणि साध्या कार्बन पोलादाचं पाणी उतरायला, म्हणजे कडकपणा जायला, त्याच्या कितीतरी पुढे जावं लागतं. बोटाला गरम लागलं की पातं उचलायचं आणि तेव्हाच पाण्यात घालायचं. रंग दिसल्यावर बुडवून उपयोग नाही: फिका पिवळा साधारण २२० अंशांना येतो, निळा ३०० च्या आसपास, आणि पातळ टोकावर हा प्रवास डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतो. दाब हलका, पातं सतत डावी-उजवीकडे सरकतं. एका जागी थांबलात की संपलं.

सगळ्यात मोठी चूक मात्र टोकापर्यंत घासत जाण्याची. धारेशी केसाएवढी जुनी रेघ राहू द्या, ती दगडावर दोन मिनिटांत जाते. टोकाला खाच पडली असेल तर आधी पातं चाकाला काटकोनात धरून टोक सरळ बोथट करून घ्या. ऐकायला उलटं वाटतं, पण त्यामुळे उतार घासताना टोकाशी जाड धातू राहतो आणि उष्णता मागे पसरते. बोथट टोकाची चकाकती रेघ बारीक होत होत दोऱ्याएवढी झाली की थांबा.

वेगाबद्दल: १५० मिलिमीटरचं चाक मिनिटाला २८५० फेऱ्यांनी फिरलं तर कडेचा वेग सेकंदाला सुमारे २२ मीटर, आणि २०० मिलिमीटरचं चाक १४२५ फेऱ्यांनी फिरलं तर सुमारे १५. म्हणजे कमी वेगाच्या ग्राइंडरवर सवड थोडी जास्त मिळते, एवढंच. गुळगुळीत चाक तिथेही जाळतं.

पातं हायस्पीड स्टीलचं असेल (लाकडाच्या लेथची हत्यारं बहुतेक तशीच) तर निळेपणाची चिंता सोडा, ते ५०० अंशांपर्यंत कडकपणा टिकवतं. फक्त ते तापलेलं असताना पाण्यात टाकू नका, बारीक तडे जाऊ शकतात.

तुमची पटाशी साधी असेल तर आधीच निळा पडलेला भाग पॉलिश करून रंग जाईल, नरमपणा जाणार नाही; ती धार दोन ठोक्यांत दुमडेल. वर सांगितल्याप्रमाणे टोक सरळ घासत निळ्याच्या थोडं मागे जा आणि उतार नव्याने काढा.